घाटाखालची नोकरी

"मॅडम, पोरीची ऑर्डर निघालीय. देवगड तालुका. पाठवू का नको?"

कागलकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा हा फोन. मागून त्यांच्या मंडळींचा आवाज येत होता, "समुद्र आहे म्हणावं तिथं, तिला पोहता येत नाही." मी हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी नर्सिंग शिकवते. त्याआधी आठ वर्षं घाटाखाली, किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात काढली. दरवर्षी जूनच्या आसपास असे दोन-चार फोन येतातच. नर्सिंग, फार्मसी, लॅब शिकलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या पोरापोरींना रत्नागिरी-सिंधुदुर्गात नोकरी लागते आणि घरात एकदम दोन तट पडतात. एक म्हणतो, "भारी की, बीचवर राहशील." दुसरा म्हणतो, "तिकडं काय आहे? पाऊस आणि साप." दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि दोघांनाही मुद्दा कळलेला नाही.

मुद्दा समुद्राचा नाही, घाटाचा आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, देवगड-मालवण शून्यावर, आणि मध्ये सह्याद्री. खाली उतरायला आंबा, अणुस्कुरा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे मोजके घाट. नकाशात अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास दिसतं. जुलैत, धुक्यात, आत ऑक्सिजन लावलेला पेशंट, सोबत ओकाऱ्या करणारा नातेवाईक आणि पुढं माल भरलेला ट्रक अशी ॲम्ब्युलन्स घेऊन चढलं की ते दीडशे किलोमीटर साडेतीन-चार तासांचे होतात. मेंदूत रक्तस्राव, मोठा हार्ट अटॅक, डोक्याला मार अशा पेशंटला एक तर वर कोल्हापूरला आणायचं, नाही तर खाली गोव्याला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्यायचं. तोवरचे तास ज्याच्या हातात असतात, तो तुम्ही. कोल्हापुरात मोठ्या हॉस्पिटलात तुम्ही एका वॉर्डाचं काम उत्तम शिकता. घाटाखाली पुढचं हॉस्पिटल लांब असल्यामुळं तुम्हाला सगळंच थोडं थोडं यावं लागतं. तिथल्या नोकरीचं, पगाराचं, राहणीचं गणित या एका गोष्टीवर बसवलेलं आहे.

तीन मालक

आधी सरकारी नोकरी समजून घेऊ, कारण आईबापांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथंच होतो. 'सरकारी दवाखाना' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्याचे मालक तीन आहेत.

सगळ्यात खाली उपकेंद्र. सपाट भागात पाच हजार लोकांमागं एक, डोंगराळ भागात तीन हजारांमागं एक. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, तीस हजारांमागं. डोंगराळ भागात वीस हजार. ही दोन्ही जिल्हा परिषदेची. त्यावर ग्रामीण रुग्णालय, साधारण तीस खाटांचं, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण विभागाची. कोल्हापूरचं आपलं सीपीआर हॉस्पिटल यातच मोडतं. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीतही गेल्या काही वर्षांत सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, त्यामुळं हा तिसरा मालक कोकणात नवा आहे.

याचा तुमच्याशी काय संबंध? बदलीशी आहे. जिल्हा परिषदेची नोकरी त्या जिल्ह्यापुरती. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून लागलात तर दोडामार्गावरून वैभववाडीला जाल, पण करवीर तालुक्यात यायचं तर आंतरजिल्हा बदलीची वाट बघायची, आणि ती वाट लांब असते. राज्याच्या आरोग्य विभागात मात्र कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे चार जिल्हे मिळून एकच परिमंडळ आहे, आणि त्याचं कार्यालय कोल्हापुरात. सह्याद्रीनं वेगळं केलेलं या कार्यालयानं एकत्र बांधलंय म्हणा ना. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका, आपण जिला स्टाफ नर्स म्हणतो ती, म्हणून लागलेली मुलगी त्याच परिमंडळात वर यायचा अर्ज करू शकते. लगेच होईल असं नव्हे, पण दार तरी आहे. म्हणून कागलच्या गृहस्थांना मी पहिला प्रश्न हाच विचारला, "ऑर्डरवर सही कुणाची आहे?" त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच नसतं.

पगाराचंही सांगते. सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० ते १,१२,४००. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची २५,५०० ते ८१,१००. औषध निर्माण अधिकाऱ्याची २९,२०० ते ९२,३००. हे मूळ वेतन, वर महागाई भत्ता आणि बाकीचं. कायम नोकरी असेल तर. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली नोकरी कंत्राटी असते, ऑर्डर अकरा महिन्यांची, ठरलेलं मानधन, आणि दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक. पेपरात जाहिरात आली की 'शासकीय' एवढाच शब्द वाचून पेढे वाटू नका. खाली बारीक अक्षरात 'कंत्राटी' आहे का बघा.

खाजगी दवाखान्याचा पगार तर सरकारी मूळ पगाराच्या जवळपासही जात नाही, ना घाटावर ना घाटाखाली. कोकणातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टरनंच केसपेपर काढायचा, ऑपरेशन थिएटर धुवायचं आणि मेडिकलवाल्याला फोनही करायचा, असं सर्रास चालतं.

कोण काय शिकून कुठं बसतो

बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स, करता येतो, दोन वर्षं. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, तीन वर्षांचं, तेही कला शाखेच्या मुलींना खुलं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला भौतिक-रसायन-जीवशास्त्र हवं आणि सीईटी. कुठलंही झालं तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. नोंदणी नसलेली 'सिस्टर' ठेवणारे दवाखाने आहेत. तिथं आपल्या मुलीला पाठवू नका, एवढंच म्हणते.

एएनएमवाली उपकेंद्रात आरोग्य सेविका होते. लसीकरण, गरोदर बायका, कुटुंब नियोजन, घरोघर फिरणं. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी नावाचं पद आलंय, लोक सीएचओ म्हणतात. २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झालं त्यातून हे आलं. बीएएमएस किंवा नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचा खास कोर्स करून इथं बसवतात. मानधन पंचवीस हजार, वर कामगिरीवर पंधरा हजारांपर्यंत. कंत्राटीच. पण गावात तुम्ही 'डॉक्टर' होता, बीपी-शुगरच्या गोळ्या देता, आणि काम समजून करणाऱ्याला फार शिकायला मिळतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. डी.फार्म. दोन वर्षांचं आणि वर पाचशे तासांचं प्रशिक्षण. लॅबवाल्यांना ग्रामीण रुग्णालयात मरणाचं काम, पण मागणीही तेवढीच. एक्स-रेवाल्यानं छातीवर किरणांचं मोजमाप करणारा बिल्ला लावायचा असतो. छोट्या ठिकाणी तो ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, तसं करू नये. १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर असतो आणि चालकाला 'पायलट' म्हणतात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून. घाटाच्या वळणावर बाळंतपण केलेले किती पायलट मला माहीत आहेत. डॉक्टरनं बाळ धरायचं आणि पायलटनं टॉर्च. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष असतं, त्यातले बरेचजण ते वर्ष कोकणात काढून पीजीच्या अभ्यासाला लागतात. त्यांचा अभ्यास चालू असतो तेव्हा ओपीडी सिस्टर सांभाळते. हे कुणी लिहीत नाही, मी लिहिते.

वीस मिनिटं आणि एक काचेची नळी

आता खरं काम. घाटाखाली तुम्हाला काय यावं लागतं हे एका उदाहरणानं सांगते.

कोकणात फुरसं फार. वीतभर-हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप, जांभ्या दगडाच्या कातळावर बसला तर दिसत नाही. आंबा-काजूच्या बागेत पाला गोळा करणारा, चिरेखाणीवरचा कामगार, कातळावर अनवाणी चालणारं पोर, यांना तो चावतो. घोणस, नाग, मण्यार हे आपल्याकडचे बाकीचे तीन मुख्य विषारी साप. चौघांवर मिळून एकच प्रतिविष असतं, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं.

फुरशाचं विष रक्तावर काम करतं. आपल्याला जखम झाली की रक्त गोठवायला शरीर एक धाग्यांची जाळी विणतं. विष शिरल्यावर ही जाळी विणायचा कच्चा माल रक्तात उगाचच, जिथं गरज नाही तिथं खर्ची पडतो. माल संपला की रक्त पाण्यासारखं पातळ. हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, सुई टोचली तिथून थांबत नाही. पण हे सगळं दिसायला वेळ लागतो. पेशंट चालत येतो, हसत बोलतो, "बारीकसो होतो सिस्टर, काय नाय झाला." त्याला प्रतिविष द्यायचं की नाही? दिलं तर अंगावर गांध्या, थंडी वाजणं, कधी बीपी एकदम खाली, म्हणजे त्यावरचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून तयार ठेवावं लागतं. नाही दिलं तर रात्रीत रक्तस्राव.

यावर जगातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. दोन मिलिलिटर रक्त काढायचं, कोऱ्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं, नळी स्टँडवर उभी करायची आणि वीस मिनिटं हातही लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त थिजून बुडाला चिकटलं तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू. नंतर सहा तासांनी परत हीच तपासणी, कारण लिव्हरला तो कच्चा माल नव्यानं बनवायला तेवढा वेळ लागतो.

नळी काचेचीच हवी. काचेचा स्पर्श झाला की रक्ताला गोठायची चालना मिळते, प्लॅस्टिकमध्ये ती नीट मिळत नाही. आणि नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली नको. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मी ते वाचलेलं होतं. तरीही पहिल्या वर्षी एका रात्री कोऱ्या नळ्या संपल्या म्हणून मी एक नळी साबणानं घासून, खळखळून धुऊन, वाळवून वापरली. पेशंट पंचविशीतला, पायावर नुसता ओरखडा, दुसरं काहीच लक्षण नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पातळच. मी प्रतिविषाच्या कुप्या काढायला धावले. डॉक्टर बॉण्डवरचे होते पण डोकं शांत. ते म्हणाले, "सिस्टर, थांबा. तुमचं रक्त द्या." माझं दोन मिलिलिटर काढलं, तशाच धुतलेल्या नळीत घातलं. वीस मिनिटं आम्ही दोघं आणि तो पोरगा त्या नळीकडं बघत बसलो. माझंही रक्त गोठलं नाही. मग त्याच्या भावाला मोटारसायकलवर पीएचसीत पिटाळून कोऱ्या नळ्या आणवल्या, त्याचं रक्त परत काढलं, ते झकास गोठलं. चोवीस तास नजरेखाली ठेवून पोराला घरी सोडलं. तेव्हापासून काचेच्या कोऱ्या नळ्यांचं एक खोकं मी कपाटात स्वतःच्या कुलुपात ठेवायचे. स्टोअरवाला माझ्यावर चिडायचा.

कोल्हापुरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्त लॅबला जातं, मशीनवर आकडा येतो, सिस्टरला या भानगडीत पडावं लागत नाही. खाली तुम्हीच मशीन.

कोकणातल्या लहान दवाखान्यात बसून किती मोठं काम होऊ शकतं, याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातले, १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात लागले. लाल विंचू चावलेले पेशंट, त्यात पोरं जास्त, घामाघूम होऊन, फुप्फुसात पाणी भरून जायचे. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून तासातासाची नोंद करत राहिले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीनं हे मरण टळतं हे त्यांनी दाखवलं. जिथं शंभरात तीस-चाळीस दगावत, तिथं हा आकडा एक-दोनवर आला. त्यांचे लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना मी हे सांगते तेव्हा पद्मश्रीवर थांबत नाही, त्या नोंदवहीवर थांबते.

पावसातले ताप, उन्हातले ताप

घाटावर ताप म्हटलं की डेंगी, टायफॉइड डोक्यात येतात. खाली जुलैत भातलावणी सुरू झाली की पहिला संशय लेप्टोचा. उंदराच्या, गुराच्या लघवीतून हे जंतू चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरतात. ताप, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो. लवकर ओळखलं तर साध्या अँटिबायोटिकवर बरा होतो, चार दिवस घरी काढले तर किडनी आणि लिव्हर धरतं. म्हणून खाली केसपेपर काढतानाच दोन प्रश्न विचारायची सवय लागते. लावणीला कधी उतरला होतात? पोटऱ्या दुखतात का?

उन्हाळ्यात दोडामार्ग-बांदा भागात वेगळंच. माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा सापडला, तेच त्याचं शास्त्रीय नाव. गोचिडीतून पसरतो. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात मोठी साथ आली. काजूच्या हंगामात लोक रानात जातात, गोचिडी अंगावर येतात. रानात माकड मेलेलं दिसलं तर गावकऱ्यानं आरोग्य सेविकेला कळवायचं आणि तिनं वर कळवायचं. आमच्या एका विद्यार्थिनीनं पहिल्या महिन्यात फोन करून विचारलं होतं, "मॅडम, मेलेल्या माकडाचा रिपोर्ट कुठल्या रजिस्टरला?" कोल्हापुरात हा प्रश्न पडला नसता.

समुद्राचे म्हणून काही वेगळे पेशंट येतात. पाकटाचा काटा लागलेला मच्छीमार वेदनेनं कळवळत येतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की उतार पडतो, कारण ते विष उष्णतेनं मरतं. जुने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, हे आपल्यापेक्षा आधीपासून जाणतात. आणि बुडालेले पर्यटक. इथं एक गंमत सांगते. कोल्हापूरकराला सीपीआर म्हटलं की दसरा चौकाजवळचा छत्रपती प्रमिलाराजे दवाखाना आठवतो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर एकदा ट्रेनिंगमध्ये साहेब ओरडले, "सीपीआर द्या!" तर आमचा नवा ब्रदर म्हणाला, "सर, तिथं पोचायला चार तास लागतील." साहेबांचा सीपीआर म्हणजे छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन जीव वाचवणं. हशा झाला, पण धडा पक्का बसला. बुडालेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढायच्या नादाला लागायचं नाही. त्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, तीसाला दोन.

रिकामी घरं, भरलेल्या खाटा

यापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे आणि करिअर म्हणून तीच बघावी असं माझं मत आहे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. सगळीकडं लोकसंख्या वाढत असताना इथं घटली. रत्नागिरीतही घटली. तरुण मुंबईत, चाकरमानी. गावात म्हातारा-म्हातारी, पाच खोल्यांचं चिरेबंदी घर, अंगणात तुळस आणि पडवीत वॉकर. त्यामुळं तिथल्या खाटांवर म्हातारी माणसं. बीपी, शुगर, पक्षाघात, खुब्याचं हाड मोडलेलं, डायलिसिस.

म्हणजे काम कुणाला आहे? फिजिओथेरपिस्टला, डायलिसिस टेक्निशियनला, घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या, नळी बदलणाऱ्या नर्सला. मुंबईतला मुलगा पैसे पाठवायला तयार असतो, त्याला माणूस मिळत नाही. तिथल्या मुली मुंबई-गोव्याला जातात. आमच्याकडून गेलेल्या एका जीएनएम झालेल्या मुलीनं सरकारी नोकरीची वाट न बघता कुडाळ परिसरात अशी घरपोच सेवा सुरू केली. आता तिच्या हाताखाली चारजणी आहेत. वार्डात कधी कुणी तिला इतकं मानलं नसतं असं ती स्वतःच म्हणते. रत्नागिरीत राज्यातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे, तिथं मानसोपचार नर्सिंग शिकलेल्यांना वाव आहे, पण आमच्या मुली त्या नावालाच घाबरतात. गोव्याचं विचाराल तर तिथल्या सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. खाजगीत जाता येतं.

राहायचं कसं

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच, राहायचं असा नियम. क्वार्टर असतं, ते गळतं. त्यापेक्षा चाकरमान्याचं बंद घर भाड्यानं मिळतं का बघावं, मालकालाही घर उघडं राहावं असं वाटतं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्यावर त्याच्या तिप्पट. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, कोल्हापुरी पायताण तर घेऊन जाऊच नका. खाऱ्या वाऱ्यानं बीपीच्या यंत्राचा स्क्रू गंजतो, कात्र्या गंजतात. वीज जाते आणि दोन-दोन दिवस येत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कोविडचे पेशंट ऑक्सिजनवर होते आणि खांब रस्त्यावर. लसीचा फ्रीज दोन ते आठ अंशांत राहायला हवा. त्याच्या भिंतीत बर्फाचा थर असतो, तो काही तास थंडावा धरतो. म्हणून वीज गेली की पहिला नियम, फ्रीज उघडायचा नाही. दुसरा, घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची.

भाषा महिनाभरात कळते. "माका बरा वाटणा नाय" म्हणजे काहीही असू शकतं, पुढं विचारत जायचं. आपल्या कणकणीला तिकडं कसर म्हणतात. माणूस येण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालून आलेला असतो, त्यावरून त्याला बोलू नये. "गाऱ्हाणं घातलंस ना, आता सलाईन लावू" म्हटलं की तो निमूट हात पुढं करतो. तुम्हाला 'घाटावरची सिस्टर' म्हणतील, मनावर घेऊ नका. वर्षभरानं तेच लोक फणस आणून देतील.

जेवणाचं म्हणाल तर तांबडा-पांढरा विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा सुकट आणि खारे बांगडे. बीपीवाल्या म्हाताऱ्यांना याच दोन महिन्यांत परत परत सांगावं लागतं, मीठ कमी करा, आणि ते ऐकत नाहीत. सकाळची पेज मात्र मला फार आवडली. जुलाब झालेल्या पोराला मीठ घालून पेज पाजायला कुणाला शिकवावं लागत नाही, ती घरात असतेच.

रजेचं आधीच ठरवून घ्या. गणपतीत सगळं कोकण गावी येतं, दवाखान्यात गर्दी दुप्पट आणि स्थानिक स्टाफला रजा हवी. त्या वेळी घाटावरच्यांनी ड्यूटी करायची आणि बदल्यात जोतिबाच्या यात्रेला नाही तर नवरात्रात घरी जायचं, हा अलिखित करार बहुतेक ठिकाणी चालतो. आमच्याकडं चालायचा.

त्रास काय, तेही सांगते. एकटेपणा. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. आयसीयू, व्हेंटिलेटर, मोठ्या ऑपरेशनांचा हात बसत नाही, त्यामुळं पुढं परदेशी किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचा विचार असेल तर आधी दोन वर्षं कोल्हापुरात आयसीयूत काढावीत आणि मग खाली जावं, उलट नको. लग्न ठरवताना "मुलगी कोकणात असते" हे ऐकून फोन ठेवणारे असतात, तेही मी पाहिलंय.

कागलच्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी ऑर्डरचा फोटो पाठवला. ग्रामीण रुग्णालय, अधिपरिचारिका, सही परिमंडळाची. मी म्हटलं, पाठवा. मग त्यांच्या मंडळी फोनवर आल्या. काय काय द्यायचं बरोबर? छत्री नको, रेनकोट द्या. गमबूट द्या. टॉर्च आणि सेल द्या. भाकरीचं पीठ द्या, तिकडं ज्वारी सहज मिळत नाही. कांदा-लसूण चटणी दोन किलो द्या, एक किलो शेजारच्यांत जाते.

"आणि पोहायचं?"

"तिथं शिकेल," मी म्हटलं. "फक्त निघायच्या आदल्या दिवशी करूळ घाट चालू आहे का विचारा. बंद असेल तर फोंड्यानं जा."

आणि मेडिकल सामानाच्या दुकानातून काचेच्या कोऱ्या टेस्ट ट्यूबचं एक खोकं आणून ठेवायला सांगितलं. ते म्हणाले, "ते कशाला, दवाखान्यात असेल की." मी म्हटलं, असू दे.